गल्ल्यावर माणूस हवा की यंत्र?

दुकानदारी करणाऱ्या माणसाला एक खोड असते. तो परगावी जावो की परदेशी, दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी उभा राहत नाही, दुकानदार म्हणूनच उभा राहतो. माल कसा लावला आहे, वजन कोण करतो, गल्ल्यावर कोण बसले आहे, हे तो आधी पाहतो आणि आपल्याला काय घ्यायचे होते ते मग आठवतो. २०२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या लँकेशायर भागात ब्लॅकबर्न या गावी माझ्या थोरल्या बहिणीकडे दीड महिना राहिलो, तेव्हा माझेही तेच झाले. लोक तिकडे तळी आणि किल्ले पाहायला जातात. मी आपाबरोबर किराणा आणायला जात होतो, आणि परत आल्यापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. त्या दुकानात आपण कोणत्या रांगेत उभे राहायचे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण वाचक बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांची रोजी गल्ल्याशी बांधलेली आहे. कोणी गल्ल्याचा मालक आहे, कोणी त्यावर बसणारा नोकर आहे, आणि कोणाचा मुलगा आखातात कुठल्याशा हायपरमार्केटात कॅशियर म्हणून उभा राहून गावाकडे पैसे पाठवतो आहे. तेव्हा तिकडे काय चालले आहे ते आपल्यालाही नीट कळलेले बरे.

त्या दुकानात माल आपणच ट्रॉलीत भरायचा, हे आता आपल्याकडेही नवीन राहिलेले नाही. नवीन आहे ते शेवटी, बाहेर पडण्याच्या वाटेवर. एका बाजूला सरकता पट्टा आणि त्यामागे खुर्चीवर बसलेली बाई. (तिकडे कॅशियरला बसायला खुर्ची देतात, ही गोष्ट मला फार आवडली. आपल्या मोठ्या दुकानांतली मुले दिवसभर उभी असतात आणि ते कोणाच्या नजरेतही येत नाही.) दुसऱ्या बाजूला आठ यंत्रे. यंत्रासमोर गिऱ्हाइकाने स्वतः उभे राहायचे, एकेका वस्तूचा बारकोड काचेवरून फिरवायचा, आवाज आला की ती वस्तू शेजारच्या पिशवीत ठेवायची, शेवटी कार्ड लावायचे, पावती घ्यायची आणि निघायचे. याला ते सेल्फ-चेकआउट म्हणतात. आठ यंत्रांवर नजर ठेवायला एक मुलगी.

बाईचे पट्टे मोजले तर सात होते. पण मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा दोनच चालू, बाकीच्यांना साखळी. म्हणजे निवड गिऱ्हाइकाची असे म्हणायचे, पण कोणती रांग किती लांब होऊ द्यायची हे दुकानदाराच्या हातात. ही युक्ती आपण व्यापारी लगेच ओळखतो. जो माल काढून टाकायचा तो आपणही वरच्या फळीवर ठेवतो आणि मग म्हणतो की गिऱ्हाईकच त्याला हात लावत नाही.

पहिल्या आठवड्यात आपाचा गुडघा दुखत होता म्हणून मी एकटा गेलो. दूध, पाव, सुटे कांदे आणि कोथिंबीर, एवढाच जिन्नस. बाईच्या रांगेत सात-आठ भरलेल्या ट्रॉल्या होत्या, म्हणून यंत्राकडे वळलो. घरून नेलेली कापडी पिशवी काढून शेजारच्या पत्र्यावर ठेवली. लगेच यंत्र बोलू लागले की पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे. डोक्यावरचा दिवा लाल झाला. मुलगी आली, तिने आपले कार्ड लावले, दोन बटणे दाबली, हसली आणि गेली. दूध झाले, पाव झाला. कांद्यांना बारकोड नव्हता, चित्रांच्या यादीत शोधावे लागले. मग कोथिंबीर पिशवीत ठेवली तर यंत्र म्हणे, वस्तू पिशवीत ठेवा. मी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा लाल दिवा. मागे पाच-सहा माणसे उभी. कोणी काही बोलले नाही, पण सगळे पाहत होते. परका मुलूख, अंगात कुर्ता, डोक्यावर टोपी आणि वर लाल दिवा! तीस वर्षे कापडाच्या बाजारात शब्दावर माल घेतला आणि शब्दावर दिला. त्या दिवशी कोथिंबिरीच्या एका जुडीपायी माझे कान तापले.

घरी येऊन भाच्याला सांगितले तर तो हसायला लागला. “मामू, स्वतःची पिशवी आहे असं एक बटण असतं, ते आधी दाबायचं.” मग त्याने सगळी रचना समजावून सांगितली. प्रत्येक बारकोडमागे त्या वस्तूचे वजन यंत्राच्या हिशेबात लिहिलेले असते. पिशवीखालचा पत्रा म्हणजे काटा. जे वाचले तेवढेच वजन काट्यावर वाढले पाहिजे, जास्तही नाही आणि कमीही नाही. माझी पिशवी जास्तीची ठरली आणि कोथिंबीर इतकी हलकी की काट्याने ती धरलीच नाही. यंत्राने आपले काम चोख केले होते. आता पुष्कळ दुकानांनी हा काटा ढिला केला आहे किंवा बंदच केला आहे आणि त्याऐवजी डोक्यावर कॅमेरे लावले आहेत, असेही तो म्हणाला.

त्याचे ऐकताना मला आपले यंत्रमाग आठवले. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, ही युक्ती ज्यांनी पक्की केली त्यांत जपानचे साकिची टोयोडा यांचे नाव मोठे आहे. त्यांचा स्वयंचलित माग १९२४ चा. १९२९ मध्ये त्याचे हक्क याच लँकेशायरातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या प्रख्यात कंपनीने विकत घेतले. मोटारी बनवणारे टोयोटा ते याच घराण्यातून पुढे आले. माग स्वतःहून थांबू लागल्यावर कामगाराला प्रत्येक धाग्याकडे टक लावून पाहण्याची गरज उरली नाही, आणि एक माणूस अनेक मागांवर फिरू लागला. एक मुलगी आणि आठ यंत्रे हा हिशेब तोच आहे.

पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा वाद त्या फरकावरच आहे. धागा तुटला म्हणून माग थांबला तर धाग्याची बेअब्रू होत नाही. कामगार येतो, गाठ मारतो, माग पुन्हा चालू. गिऱ्हाईक चुकले म्हणून यंत्र थांबते तेव्हा चार लोकांसमोर एका माणसावर दिवा लागतो. आपल्या दुकानात एखादी बाई बिल देताना विसरून एक रुमाल हातातच धरून उभी असली, तर गल्ल्यावरचा जाणता माणूस म्हणतो, “भाभी, हाही बांधून देऊ का?” त्यात हिशेबही होतो आणि तिची इज्जतही राहते. यंत्राला हे एक वाक्य येत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण व्यापाऱ्याने तो माहीत करून घ्यावा असा आहे. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलायचा, ही रीतसुद्धा फार जुनी नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली क्लेरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ‘पिगली विगली’ हे दुकान काढले. तोवर तिकडेही आपल्या वाण्यासारखेच होते. यादी द्यायची आणि नोकराने माल काढून द्यायचा. सॉन्डर्सने गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली, नोकर कमी केले आणि भाव उतरवले. दुकान इतके चालले की त्याच्या शेकडो शाखा निघाल्या. पुढे शेअर बाजाराच्या खेळात १९२३ मध्ये ती कंपनी त्याच्या हातून गेली. (धंद्यात कमावलेले सट्ट्यात घालवणारी माणसे सगळ्या मुलखांत असतात.) पण खरी गंमत पुढे आहे. याच माणसाने १९३७ मध्ये ‘कीडूझल’ नावाचे यंत्राचे दुकान काढले. काचेमागे नमुने, गिऱ्हाइकाच्या हातात एक किल्ली, किल्ली भोकात घातली की मागच्या मागे माल निघून पट्ट्यावरून पुढे येणार. कल्पना आजच्यापेक्षाही पुढची होती. पण गर्दी झाली की यंत्रणा गोंधळायची, एकाचा माल दुसऱ्याला जायचा. काही वर्षे खटपट करून ते बंद पडले.

बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यात ट्रॉय गावी. ती वस्तू होती च्युइंगमचे एक पाकीट. आणि स्वतः बिल करण्याचे यंत्र डेव्हिड हम्बल यांनी काढले, ते १९८६ मध्ये अटलांटाजवळ क्रोगर कंपनीच्या दुकानात लागले. म्हणजे ही गोष्ट चाळीस वर्षांची झाली. इतक्या वर्षांत ती सगळीकडे पसरली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत काही ठिकाणी मागेही फिरली आहे. मागे फिरण्याचे कारण गल्ल्यातच आहे.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे एड्रियन बेक यांनी या यंत्रांवर बरीच वर्षे अभ्यास केला आहे. दुकानात जो माल हिशेबाबाहेर नाहीसा होतो, त्यातला २३ टक्क्यांपर्यंतचा वाटा या यंत्रांपाशी जातो, असे त्यांनी २०२२ मध्ये मांडले. सगळीच चोरी नव्हे. काही चूक, काही आळस, काही बारकोड वाचलाच नाही म्हणून कंटाळून तशीच टाकलेली वस्तू. पण चोरीही आहे, आणि ती करणारी माणसे गुंड-मवाली नाहीत. ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट एमेलिन टेलर या अभ्यासक बाईंनी लिहिली आहे. तिथल्या एका सुपरमार्केटात हिशेब लावला तर दुकानात जेवढी गाजरे आली होती त्यापेक्षा जास्त गाजरे विकली गेली होती! लोक महाग फळे काट्यावर ठेवत होते आणि पडद्यावर गाजराचे चित्र दाबत होते. हीच माणसे समोर बसलेल्या बाईच्या गल्ल्यातून एक नाणेही उचलणार नाहीत. यंत्राशी केलेली लबाडी त्यांना लबाडी वाटत नाही.

आपल्या लोकांनी इथे जरा थांबून विचार करावा. माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, हे प्रत्येक मुसलमान दुकानदाराने लहानपणापासून ऐकलेले असते. आजवर आपण ती ताकीद दुकानदारासाठी समजत आलो, कारण काटा त्याच्या हातात होता. या यंत्रापाशी काटा गिऱ्हाइकाच्या हातात आला आहे. कांदे तोलणारा तोच, कशाचे चित्र दाबायचे ते ठरवणाराही तोच. मग ताकीद कोणाला लागू? ब्लॅकबर्नच्या कोणत्या मशिदीत यावर बयान झाले का, ते मी विचारले नाही. व्हायला हरकत नाही.

त्या देशाचा कायदाही नीयत पाहतो, हे सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात बेइमानी असल्याशिवाय चोरी होत नाही. चुकून वस्तू राहिली तर तो गुन्हा नाही. पण दारावर कोणी अडवले आणि तुमची इंग्रजी अडखळू लागली, तर नीयत समजावून सांगायची कशी? म्हणून ज्यांची मुले-मुली नव्याने तिकडे जातात त्यांना एवढे सांगून ठेवावे. पावती घरी पोचेपर्यंत फेकू नये. काही दुकानांत बाहेर पडायचे फाटकही पावतीवरचा बारकोड दाखवल्याशिवाय उघडत नाही. स्वतःची पिशवी आधी कळवावी. आणि एखादी वस्तू वाचली गेली की नाही अशी शंका आली तर पुढे न जाता त्या मुलीला हाक मारावी. ती रागावत नाही, तिचे कामच ते आहे.

आता मागे फिरण्याची हकीकत. ब्लॅकबर्नपासून जवळच प्रेस्टन शहर आहे. सूत कातण्याच्या यंत्रामुळे नाव झालेला रिचर्ड आर्कराइट १७३२ मध्ये तिथेच जन्मला. त्या प्रेस्टनमध्ये मुख्य कचेरी असलेली बूथ्स नावाची किराणा दुकानांची जुनी पेढी आहे, १८४७ पासूनची. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने जाहीर केले की आपल्या २८ दुकानांपैकी दोन सोडून बाकी सगळीकडची ही यंत्रे आम्ही काढत आहोत. गिऱ्हाइकांनी सांगितले की यंत्रे संथ आहेत, भरवशाची नाहीत आणि त्यांत माणुसकी नाही, असे कारण त्यांनी दिले. सुटी फळे-भाजी हीही अडचण होती. एका जातीचे सफरचंद दुसऱ्यापासून ओळखायचे कसे, हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि यंत्रही सांगत नाही. ज्या दोन दुकानांत यंत्रे ठेवली ती तलावांच्या भागातली, केझिक आणि विंडरमियर इथली. सहलीच्या हंगामात तिथे गर्दी उसळते. याला म्हणतात हिशेब. हट्टाने सगळी काढली नाहीत आणि हट्टाने सगळी ठेवली नाहीत.

अमेरिकेत टार्गेट कंपनीने मार्च २०२४ पासून बहुतेक दुकानांत यंत्रावर दहाच वस्तूंची मर्यादा घातली. डॉलर जनरल कंपनीने त्याच वर्षी हजारो दुकानांत ही यंत्रे बंद केली. कारण उघड होते, गळती. नोकराचा पगार वाचवायला जे आणले, त्यातून माल गळू लागला, मग गळती थांबवायला कॅमेरे, कॅमेऱ्यांवर माणूस, दारावर पहारेकरी. पगार वाचला कुठे?

हॉलंडमध्ये तर उलटाच प्रयोग झाला. यम्बो या सुपरमार्केट कंपनीने २०१९ मध्ये फ्लाइमेन गावी एक मुद्दाम संथ रांग सुरू केली. तिचे नाव ‘क्लेट्सकासा’, आपल्या भाषेत गप्पांचा गल्ला. ज्याला घाई नाही आणि दोन शब्द बोलायचे आहेत त्याने त्या रांगेत उभे राहावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय. पुढे कंपनीने ती २०० दुकानांत न्यायची ठरवली. वाचून मला हसू आले. आपल्याकडच्या प्रत्येक कापडाच्या दुकानात हा गप्पांचा गल्ला बापजाद्यांपासून चालू आहे, फक्त आपण त्याला नाव दिले नाही.

पण मी एकाच बाजूचे बोलतो आहे असे होऊ नये. भाचा माझ्याशी रोज वाद घालायचा. तो रात्रपाळी करतो. पहाटे सहाला सुटल्यावर त्याला दूध आणि अंडी घ्यायची असतात आणि कोणाशी एक अक्षरही बोलायचे नसते. “मामू, त्या बाईला ‘कशी आहेस’ विचारायचं, तिनं ‘मी छान’ म्हणायचं, यात दोघांनाही रस नसतो.” ही गोष्ट खरी आहे. शेजारच्या घरात नुकतीच भारतातून लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. ती नेहमी यंत्राच्याच रांगेत. मी आपाला म्हटले, शिकलेली आहे, हुशार दिसते. आपा म्हणाली, “ते नाही रे. तिला इंग्रजी बोलायची शरम वाटते. यंत्र काही विचारत नाही.” मी गप्प झालो. शिवाय बायकांच्या काही वस्तू अशा असतात की परक्या माणसाच्या हाताखालून जाऊ नयेत असे त्यांना वाटते. म्हणजे ज्या यंत्राने मला शरम आणली, तेच यंत्र दुसऱ्याची शरम झाकते. हे मला आधी सुचलेच नव्हते.

वेळेचे म्हणाल तर मी घड्याळ लावून पाहिले. पाच-सात वस्तू असतील तर यंत्र जिंकते, कारण आठ यंत्रांना मिळून एकच रांग असते आणि जे मोकळे होईल तिकडे पुढचा माणूस जातो. भरलेली ट्रॉली असेल तर बाई जिंकते, आणि तेही सहज. तिचा हात बसलेला असतो. बारकोड वस्तूच्या कोणत्या अंगाला आहे हे तिला न पाहता ठाऊक असते, सुट्या भाजीचे आकडे पाठ असतात. दहा वर्षे थान मोजणाऱ्याचा हात जसा मीटरपट्टीवर न अडखळता चालतो, तसाच. आपण मात्र प्रत्येक डबा चारही बाजूंनी फिरवत बसतो. मेहनत कमी झाली असे वाटते, पण ती फक्त पगारी हातातून बिनपगारी हातात गेली आहे. ते बिनपगारी हात आपले!

इथेच रोजीचा प्रश्न येतो. ब्लॅकबर्नच्या शेजारी डार्वेन हे गाव आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असताना गांधीजी तिथे गेले होते आणि बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले होते. हिंदुस्थानातल्या लोकांनी विलायती कापड घेणे सोडले, त्याचा फटका ज्यांना बसला त्यांतली ती माणसे. बहिष्कार बरोबर होता, आपल्या विणकरांच्या पोटाचा प्रश्न होता आणि त्यांची हालत त्या कामगारांहून कितीतरी वाईट होती. पण एक गोष्ट त्यातून दिसते. गिऱ्हाईक दुकानात काय उचलते आणि कुठे उभे राहते, याचा धक्का कितीतरी लांब बसलेल्या माणसाच्या चुलीला लागतो. गल्ल्यावरची बाई तर आपल्यापासून दोन हातांवर बसलेली असते.

यंत्र आले की माणूस उपाशी मरतो, असे मी म्हणत नाही. भिवंडी आणि मालेगाव यांचे पोट यंत्रमागावर चालते, आणि यंत्रमागाने हातमागाचे काय केले ते आपल्या आजोबांनी पाहिले आहे. पण यंत्रमागाने कापड स्वस्त केले, जास्त केले, अंगभर कपडा गरिबाला मिळाला. बिलाच्या यंत्राने दूध एक पेनीने तरी स्वस्त झाले का, ते मी ब्लॅकबर्नमध्ये पुष्कळांना विचारले. कोणी हो म्हटले नाही. त्याच दुकानात यंत्रावर आणि बाईकडे भाव एकच. सॉन्डर्सने १९१६ मध्ये गिऱ्हाइकाकडून काम करून घेतले, पण त्याबदली भाव उतरवले. तो सौदा होता. आताच्या सौद्यात आपल्या बाजूला काय आले?

आपल्याकडे हे किती दूर आहे? डीमार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत निघाले. तेव्हापासून स्वतः माल उचलणे आपल्या अंगवळणी पडले. पण बिल करायला अजून माणूसच आहे, आणि दारावर पावती पाहणारा दुसरा. स्वतः बिल करण्याची यंत्रे मोजक्याच मोठ्या दुकानांत दिसतात. मजुरी स्वस्त आहे तोवर त्यांची घाई कोणाला नाही. कापडाच्या धंद्यात मात्र ती लवकर येतील, असा माझा अंदाज आहे. किराण्यात बारकोड एकेक करून फिरवावा लागतो, सुटी भाजी तोलावी लागते. तयार कपड्यात प्रत्येक नगाच्या चिठ्ठीत रेडिओची बारीक पट्टी घालता येते. जपानच्या युनिक्लोने असे केले आहे. टोपली नुसती ठेवली की आतले सगळे नग एकदम मोजले जातात. तिथे काटा नाही, चित्र नाही, गाजरही नाही. आपल्या कारागिरांना तयार कपड्याचा माल मोठ्या कंपन्यांना द्यायचा असेल तर या चिठ्ठ्या शिवून द्याव्या लागतील. त्याची माहिती आताच घेऊन ठेवावी.

माझा यंत्राला विरोध नाही, याची साक्ष माझ्याच गल्ल्यावर आहे. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा तो छोटा डबा आमच्या दुकानात आहे. पूर्वी कोणी मोबाइलवर जुन्याच पैशांचा फोटो दाखवून निघून जायचे, आणि गर्दीत पोराला कळायचे नाही. डबा बोलू लागल्यापासून ते थांबले. पोराचे काम गेले नाही, उलट त्याच्यावरचा आळ गेला. माणसाच्या शेजारी बसणारे यंत्र आणि माणसाच्या जागी बसणारे यंत्र यांत मी एवढाच भेद करतो. आणि पुष्कळदा माणूस गेला असे फक्त दिसते. अ‍ॅमेझॉनने २०१८ च्या जानेवारीत सिएटल शहरात गल्लाच नसलेले दुकान उघडले. माल उचला आणि चालते व्हा, बाकी सगळे कॅमेरे पाहून घेतील. २०२४ मध्ये त्यांनी आपल्या फ्रेश किराणा दुकानांतून ही पद्धत काढली. त्या कॅमेऱ्यांची चित्रे तपासायला भारतात हजारावर माणसे बसवली होती, अशी बातमी तेव्हा आली. कंपनी म्हणाली की ते बरोबर नाही, ती माणसे यंत्राला शिकवण्याचे काम करत होती. काहीही असो, माणसे होती. फक्त ती गिऱ्हाइकाला दिसत नव्हती आणि गिऱ्हाइकाशी बोलत नव्हती.

दुकानदार म्हणून माझे मत विचाराल तर गल्ल्यावरचा माणूस पैसे घेतो, हे त्याचे सर्वांत लहान काम आहे. कोणता रंग विचारून लोक परत जात आहेत, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे, कोण चिडून गेला, हे त्याला कळते. वरचे पाच रुपये कोणाचे सोडायचे हे त्याला कळते. ज्यांना ही माणसे परवडत नाहीत त्यांनी आधी त्यांच्याकडून पैसे मोजण्याखेरीज दुसरे काही काम करून घेतले का, ते पाहावे. गिऱ्हाईक म्हणून माझे मत असे, की दूध-पाव असेल तर यंत्र आणि महिन्याचा बाजार असेल तर माणूस. पण माणसाच्या रांगेत कोणी उभेच राहिले नाही तर उरलेल्या पट्ट्यांनाही साखळी लागेल, म्हणून घाई नसेल तेव्हा मी दूध-पावासाठीही तिकडेच उभा राहत असे.

आपाचे मात्र काही ठरवायचे नव्हते. ती गेली अठरा वर्षे एकाच बाईच्या पट्ट्यावर जाते. त्या बाईला आपाच्या गुडघ्याचे माहीत, आपाला तिच्या नातवाचे. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात दुकानाने त्या बाईचे दिवस कमी केले, सहाचे तीन केले. आपाने घरी येऊन कॅलेंडर काढले आणि किराण्याचे दिवस बदलून टाकले. आता ती मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी जाते.